दगडावरचं तिसरं नाव

प्रिय संयोगिता,

सांगलीच्या त्या मंगल कार्यालयात, ऑडिशनच्या दिवशी, टेबलामागच्या बाईनं कागदावरून मान वर करून मला विचारलं, "हिचे वडील कशानं गेले?" तिथं माझं सगळं फिरलं. तुझंही फिरलं, फक्त तुला ते माहीत नाही. तू तेव्हा आत नाचत होतीस आणि मी तुझी पिशवी धरून बाहेर उभा होतो.

तुझा फोन त्या डान्स शोवाल्यांच्या कपाटात. आठवड्यातून दहा मिनिटं मिळतो, तेव्हाही समोर कॅमेरा नि गळ्याला माईक. म्हणून कागद घेतलाय. तुझा मामेभाऊ ऋषिराज आज सकाळीच गाडी घेऊन मुंबईला निघतोय, फायनलसाठी घरच्यांना आधी बोलावलंय ना. त्याच्या हाती देतोय. एकटी असशील तेव्हाच वाच.

आपण जोडीनं नाव दिलं होतं, आठवतंय? कराडचं कॉलेज मी दुसऱ्या वर्षात सोडलं ते सरांशी भांडून, जर्नल त्यांच्याच टेबलावर आपटून. घरी दादा म्हणाले, "आता नाच्या व्हणार व्हय रं तू?" मी ताट सारून उठलो. मला नाचाचं एवढं वेड नव्हतंच गं. तुझ्याबरोबर राहायचं होतं, बास. सकाळी सहापासून रांग, छातीवर नंबरचं स्टिकर, आणि टीव्हीवर दिसतात ते परीक्षक कुठंच नाहीत. तिघं जण लॅपटॉप उघडून बसलेले. आपलं गाणं निम्म्यावरसुद्धा आलं नव्हतं, त्यांनी सांगून टाकलं, मुलगी ठेवू, मुलगा नको. मी हसलो. म्हणजे हसून दाखवलं.

मग तो बारा पानी फॉर्म. नाचाबद्दल त्यात एकच पान. बाकी सगळं घरात कोण आजारी, कोण गेलं, कोण सोडून गेलं. तुला आत बोलावलं म्हणून उरलेला मी भरत होतो. ती बाई वाईट नव्हती, दिवसभराची उपाशी असावी, वडापाव खात खात विचारत होती. मी खरं तेच सांगितलं. तुझे आबा फौजेत होते, सुट्टीवर आले असताना उंब्रजला हायवे ओलांडताना टेम्पोनं उडवलं, तू चार वर्षांची होतीस. ती म्हणाली, "अपघातवाले दोन झालेत रे आधीच. पोरगी चांगली नाचते, पण स्टोरी नसली की पहिल्या आठवड्यात घरी. लोक नाचाला मत देत नाहीत." माझं डोकं सटकलं. आबा हिला पुरले नाहीत म्हणून राग आला, आणि त्याच रागात मी स्वतःच त्यांना अपुरं ठरवलं. म्हणालो, "मग लिहा, शहीद झालेत." तिनं त्या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या. सोळा वर्षं बर्फात पहारा दिलेला माणूस. रस्त्यावर गेला म्हणून तो काय कमी होता का? हे मला आता सुचतंय.

पुढं त्यांची गाडी गावात आली. घरात नळ असून तुला घागर देऊन आडावर धाडलं. गॅसवर चादर टाकून तुझ्या आईला, लीलाबाई काकींना, चुलीपुढं बसवलं. काकी हसत होत्या, "आवं साहेब, लय दिवसांत पेटवली न्हाई, धूरच व्हणार की!" आबांचा वर्दीतला फोटो त्यांनी चारी बाजूंनी टिपला. पण 'शहीद' हा शब्द गावात कुणी काढला नाही. तो मुंबईत, मागून, एका जड आवाजात घातला.

तू स्टेजवर उभी असताना तो व्हिडिओ पडद्यावर लागला. तुझा चेहरा उतरला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि सगळ्या महाराष्ट्राला वाटलं, लेक बापासाठी रडतेय. तू घाबरली होतीस, हे मला कळलं. परीक्षक उठून उभे राहिले, प्रेक्षकांनी सलाम ठोकले. त्या टाळ्या आणि ते उभं राहणं वेगळं, मागाहून चित्रित करतात, असं तूच मला आधी सांगितलं होतंस. पण मतं खरी होती. तीन आठवडे तू पहिली. पुढच्या दहा मिनिटांच्या फोनमध्ये माईक मुठीत दाबून तू विचारलंस, "वीरू, हे कुणी सांगितलं रं?" आणि मी म्हणालो, "काकींनीच सांगितलं असंल."

ते मी म्हणालो, संयोगिता. माझ्याच तोंडानं.

आपल्या गावात घरटी एक माणूस पलटणीत. वेशीवरच्या स्मारकावर दोन नावं, आणि ती कशी कोरली गेली हे पोरासोरांना पाठ. दुसरं नाव मनुबाईंच्या लेकाचं. म्हातारी काठी टेकत काकींच्या दारात आली, तेव्हा मी काकींचा रिचार्ज मारत तिथंच बसलो होतो. ती बसली नाही. म्हणाली, "लीले, दगडावर दोनच नावं हायत गं. हे तिसरं कुठलं काढलंस? माझ्या पोराची पेटी आली तवा तूच मला धरून बसली हुतीस. तुझ्या मालकाची पेटी कवा आली?" काकींनी एकदाच माझ्याकडं बघितलं. तेवढ्यात त्यांना कळलं. म्हणाल्या, "चुकलं, आत्ती. म्याच सांगितलं."

मनुबाई गेल्यावर मी पाया पडायला वाकलो, तर काकींनी पाय मागं घेतले. "ऊठ. तुझं नाव निघालं की पोरीचं नाव त्याला जोडून गावभर चघळतील. तिचा नाच हुंदे. माझं काय." तेव्हापासून डेअरीवर त्या गेल्या की बाया गप्प होतात. संक्रांतीला त्यांच्या दारात कुणी तिळगूळ आणला नाही. आणि गेल्या आठवड्यात माजी सैनिकांच्या मंडळाकडून जयराज सुभेदार आले. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की काकींनी स्मारकापुढं उभं राहून सगळ्यांसमोर माफी मागायची. हळू आवाजात सांगून गेले. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

आज सव्वीस जानेवारी. काल काकींनी पांढरी साडी धुऊन दोरीवर घातलेली बघितली आणि माझं ठरलं. त्यांच्याआधी मी पुढं होणार, माईक घेऊन सांगणार, खोटं माझं आहे. पोरं मोबाईलवर घेतील, दुपारपर्यंत ते चॅनलकडं पोचेल. चॅनलवाले तुला काढतील, नाहीतर माफी मागायला लावून तेही दाखवतील. तुझं सगळं मी मोडतोय, मला कळतंय. दोन वर्षं तुला एक गोष्ट सांगायची राहिली होती, ती आता सांगायचं तोंड उरलं नाही. हे पत्र माफीसाठीही नाही. तुझ्याकडं फोन नाही, म्हणजे सगळ्या जगाला कळलं तरी तुला शेवटी कळणार, आणि ते तुला कॅमेऱ्यापुढं उभं करूनच सांगणार. तुझा चेहरा हवाय त्यांना, पहिल्या वेळेसारखा. या वेळी तो त्यांना मिळू देऊ नकोस. ते सांगायला येतील तेव्हा तुला आधीच माहीत असू दे, एवढ्यासाठी लिहिलं. मग नाचायचं की घरी यायचं, ते तुझं तू ठरव.

शाळेवरचा भोंगा सुरू झालाय. ऋषिराज खाली गाडीचा हॉर्न वाजवतोय. पत्र त्याच्या हातात देतो नि तसाच वेशीकडं जातो. दादा आतून विचारताहेत, कुठं निघालास. बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.

तुझाच, तू नाही म्हणालीस तरी,
वीरधवल