तांदळातलं नाव

अंजूर, ता. भिवंडी
८ एप्रिल १९७३

श्री. सावळाराम यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मुद्दाम ठसठशीत लिहिलं आहे. वैशाखात लग्न झालं की ते उखाण्यातच घ्यायचं, म्हणून आत्ताच हौस फेडून घेते. आम्ही सगळे खुशाल. पाडवा छान झाला. बाबांची रेतीची होडी रंगवून झाली. आई लग्नाचे तांदूळ निवडायला बसली आहे आणि 'उन्हात फिरू नको, काळी पडशील' म्हणून माझ्यावर सारखी ओरडते आहे.

तुम्ही ग्रंथालयातून काढलेली कादंबरी आमचा काळूरामदादा भिवंडीहून ड्युटीवरून येताना घेऊन आला. 'वाचून कसं वाटलं ते कळवा' असं तुम्ही चिठ्ठीत लिहिलंत. साखरपुड्याला तर तुम्ही माझ्याशी एवढंही बोलला नव्हतात! तेव्हा कळवते, पण मास्तरांसारखे गुण देऊ नका.

मला फार आवडली. नायक विहिरीच्या पायऱ्या उतरतो आणि वर येतो तो थेट शंभर वर्षं मागे, ही आधी थापच वाटली. आमच्या विहिरीत उतरलं तर गुडघाभर गाळ लागतो. पण तो आपल्या पणजीच्या माहेरी पोचतो, ती अजून परकरातली पोर असते, त्याला 'भाऊ' म्हणते आणि भाकरी वाढते, तिथे मी रडले. पणजी समोर बसली आहे आणि 'मी तुझाच' असं त्याला सांगता येत नाही. त्या पानावर एक डाग दिसेल, तो माझा. ग्रंथालयात सांगू नका.

एकच गोष्ट खटकली, तीही आधी आईला. दुपारी मी तिला वाचून दाखवत होते. नायक गावात शिरतो, "यशोदा कुठे राहते?" असं विचारतो आणि लोक लगेच घर दाखवतात. आईचा हात तांदळात थांबला.

"यशोदा तं तिचं सासरचं नाव ना? अजून लगीन व्हायचंय तिचं. म्हायेरात यशोदा कोन वळखंल?"

मी मागची पानं चाळली. खरंच की! पणजोबांनी लग्नात तिचं नाव यशोदा ठेवलं, असं पहिल्याच प्रकरणात आहे. लेखक स्वतःच विसरले.

"म्हंजी तो पोचलाच न्हाय तिच्याकडं," आई म्हणाली आणि हसत पुन्हा खडे वेचू लागली. मला मात्र हसू आलं नाही.

इकडे ऊन फार आहे. तुमच्या लूमच्या शेडमध्ये तर अंग भाजत असेल. ताक पीत जा.

हे ताकाचं मी उगाच लिहिलं. लिहायचं दुसरंच आहे आणि ते पेनातून उतरत नाही.

साखरपुड्याच्या दिवशी तुमच्या आई म्हणाल्या की, लग्नात माझं नाव मैना ठेवायचं. नाव गोड आहे, त्यांनी मायेने निवडलं आहे, मला राग मुळीच नाही. पण उद्या आपलं एखादं पणतवंड (लाज वाटते, तरी लिहिते) असंच पायऱ्या उतरून अंजूरला आलं आणि 'मैना कुठे राहते' म्हणालं, तर लोक त्याला मैना बसतात ते चिंचेचं झाड दाखवतील. पोर बिचारं उपाशीच परत जाईल.

मला गोदावरी हेच नाव आवडतं. ते बाबांनी ठेवलं. होडीवरही तेच आहे. या वेळी रंग देताना ती अक्षरं त्यांनी स्वतः गिरवली, कोणाला हात लावू दिला नाही. मला तुमच्या घरी यायचं आहे, अगदी मनापासून यायचं आहे. फक्त मीच यावं, एवढंच वाटतं.

लग्नानंतर ताटातल्या तांदळात अंगठीने नाव तुम्हीच लिहिणार. या पत्राचं उत्तर आलं नाही तरी चालेल. मी ताटात वाचीन.

तुमची होणारी,
गोदावरी


कामतघर, भिवंडी
१५ एप्रिल १९७३

सप्रेम नमस्कार.

उत्तर नको म्हणालात, पण वैशाखापर्यंत माझा दम निघणार नाही. पुस्तक मिळालं. डाग पाहिला, कोणाला सांगितला नाही. ताक पितो.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. पणतवंडाचा भाग तेवढा तोंडातल्या तोंडात उरकला. ऐकून तिने हंडा कमरेवर घेतला. मला वाटलं, बिनसलं. मग म्हणाली, "माजं म्हायेरचं नाव ठावं हाय तुला?"

मला ठाऊक नव्हतं. जन्मभर तिच्या हातचं जेवतो आहे आणि ठाऊक नव्हतं! फार लाज वाटली. "हौसा," ती म्हणाली आणि पाणी भरायला निघून गेली.

काल मी ताटात तांदूळ पसरून सराव करत होतो. 'गोदाव' कसंबसं बसतं आणि 'री' काठावरून खाली सांडते. तेवढ्यात आई आली. आता बोलणी बसणार म्हणून मी हात मागे घेतला. तिने ताट उचललं, आत गेली आणि भाकऱ्या थापायची मोठी परात आणून माझ्यापुढे ठेवली.

"ह्यात लिव," म्हणाली. "सगली मावंल."

तुमची वाट पाहणारा,
हौसाबाईंचा मुलगा
सावळाराम