बुकिंग फक्त अ‍ॅपवर

४ मे
रोजनिशी सुरू. कुणाला दाखवणार नाही.

बातमी मोठी आहे. शेतीची सगळी कामं आता सरकारी अ‍ॅपवर येणार. नांगरट, पेरणी, मजूर, सगळं. शेतकऱ्यानं घरबसल्या ट्रॅक्टर बोलवायचा आणि काम झालं की ट्रॅक्टरवाल्याला स्टार द्यायचे. पाच म्हणजे उत्तम. ज्याचे स्टार सगळ्यात चांगले, त्याला सेवा केंद्राच्या नव्या हार्वेस्टरवर ऑपरेटर म्हणून घेणार. कायमची नोकरी.

गावात सगळ्यात जुना ट्रॅक्टरवाला मीच. म्हणजे निवड झाल्यात जमा आहे. उगाच बाकीच्यांना आशेला का लावतात, कळत नाही.

६ मे
केंद्रात नाव नोंदवलं. मॅडमनी फोटो काढला. डोळे मिटलेले आले. त्या पुन्हा काढू म्हणाल्या. मी म्हणालो, राहू द्या, विचारी दिसतोय.

घरी येऊन फाटकावर पाटी लावली : 'बुकिंग फक्त अ‍ॅपवर.'

संध्याकाळी शेजारी आला. त्याला आम्ही घड्याळ म्हणतो, कारण त्याचं सगळं वेळेवर असतं. उद्या माझं रान नांगरून दे म्हणाला. मी पाटीकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, अरे, मी तुझ्यासमोर उभा आहे. मी म्हणालो, सिस्टिम ती सिस्टिम.

बिचाऱ्याचं तोंड उतरलं. नव्या काळाची सवय व्हायला वेळ लागतो.

९ मे, सकाळ
पहिलं बुकिंग घड्याळाचंच. वेळ सातची. संकल्प : साडेसहाला बांधावर हजर.

९ मे, संध्याकाळ
साडेअकराला पोचलो. वाटेत डिझेल संपलं. भरणं माझ्या हातात होतं, पण संपणं नव्हतं.

स्टार तीन. शेरा : 'आला.'
एकाच शब्दात माणूस किती समाधान व्यक्त करतो.

१२ मे
जेवताना बायको काहीतरी सांगत होती. केंद्र, बायकांसाठी कसलं तरी ट्रेनिंग, सकाळचे दोन-तीन तास. ऐकताय ना, असं तिनं विचारलं. मी हो म्हणालो. हार्वेस्टरच्या शिडीवरून उतरताना तोंड कुणीकडे ठेवावं, याचा मी विचार करत होतो. लोक बघत असणार.

मग म्हणाली, तुमच्या फोनवर ओटीपी येईल तो सांगा. सांगितला. गॅसचा असेल.

१९ मे
आणखी दोन शेरे. 'शेवटी आला.' आणि 'बोलतो फार.' दोन-दोन स्टार.

स्टार कसे द्यायचे याचंच लोकांना ट्रेनिंग द्यायला हवं. मॅडमना फोन केला आणि मी फार बोलत नाही हे नीट समजावून सांगितलं. मध्येच फोन कट झाला. रेंजचा प्रॉब्लेम. पुन्हा लावला. उचलला नाही. रेंजचाच.

२३ मे
ही हल्ली सकाळी लवकर घराबाहेर पडते. बहिणीकडे जात असावी. विचारायला वेळ नाही.

३१ मे
महत्त्वाचा शोध. अ‍ॅपमध्ये स्टारच्या खाली 'पूर्ण केलेली कामं' असा आकडा असतो, आणि तो आपण बटण दाबलं की वाढतो. म्हणजे स्टार लोकांच्या हातात आहेत, पण आकडा माझ्या हातात आहे.

आजच आईचं बुकिंग आलं. आई थोरल्या भावाकडे राहते. ओढ्याकाठचा तुकडा तिच्या नावावर आहे. तिनं आधी तोंडी विचारलं होतं, तेव्हा तिलाही पाटी दाखवली. नियम सगळ्यांना सारखा. मग ती वहिनीला घेऊन केंद्रात गेली आणि बुकिंग करून आली. या वयात शिकली. अभिमान वाटला.

घरचंच काम, म्हणून 'काम पूर्ण' दाबून टाकलं. प्रत्यक्ष उद्या करीन. तसं तिला फोनवर सांगितलंही. ती म्हणाली, ओल छान आहे, लवकर ये. नक्की ना?

आईनं मुलाला नक्की ना म्हणून विचारावं?

१ जून
पाठ धरली आहे. उद्या.

२ जून
पाठ सुटली. पण ऑपरेटरच्या मुलाखतीसाठी शर्ट शिवायला टाकायचा होता. शिंप्यानं माप घ्यायला वेळ लावला. आईचं उद्या.

३ जून
भावाचा फोन. आई सकाळपासून रानात बसून आहे, ऊन फार आहे, म्हणाला. मी म्हणालो, तिला घरी ने, उन्हात बसू नये. तेवढंही कुणी सांगायला नको का?

७ जून
एक स्टार.

शेरा नाही. रकाना कोरा. म्हणजे या माणसाला मी दोन शब्दांच्याही लायकीचा वाटलो नाही.

जेवण गेलं नाही. कोण असेल? घड्याळाला कुंपणावरून स्पष्टच विचारलं. तो म्हणाला, मी असतो तर लिहिलं असतं. हे मात्र पटलं.

८ जून
केंद्रात गेलो. मॅडम म्हणाल्या, नावं आम्ही सांगत नाही. एखाद्या कामाला जायचं राहिलं होतं का, ते आठवून बघा.

आठवून बघितलं. स्क्रीनवर सगळी पूर्ण आहेत.

९ जून
आईला फोन केला. मन मोकळं करायला आईशिवाय कोण आहे? म्हटलं, आपल्यातल्याच कुणीतरी पाठीत सुरा खुपसला. तो सापडला की त्याला जन्मात ट्रॅक्टर देणार नाही. ती नुसतं 'हं' म्हणाली. माझं दुःख ऐकून तिला बोलवेना.

२० जून
खातं बंद. मेसेजमध्ये दोन कारणं. स्टार कमी. आणि न केलेलं काम पूर्ण दाखवलं, अशी तक्रार.

तक्रारही केली. स्टार देऊन पोट भरलं नाही.

फाटकावरची पाटी काढली. दिवसभर ओट्यावर बसलो. कुणी विचारायला आलं नाही. सगळ्यांना अ‍ॅपची सवय लागली आहे. लावली कुणी? मीच.

२४ जून
हार्वेस्टरच्या ऑपरेटरचं नाव लागलं.

बायको.

दोनदा वाचलं. मग घड्याळाकडून वाचून घेतलं. त्यानंही तेच वाचलं आणि माझं अभिनंदन केलं.

ही रोज सकाळी केंद्राचा ट्रॅक्टर चालवत होती. अर्ध्या गावाची नांगरट तिनं केली. सगळीकडे पाच स्टार. शेरे : 'वेळेवर.' 'बांध मोडला नाही.' घड्याळानं लिहिलं होतं, 'उत्तम. बोलत नाही.' म्हणजे तोही सामील.

मी म्हणालो, नवऱ्यापासून लपवलंस. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "लपवलं नाही. तुम्ही ऐकलं नाही. ओटीपी तुम्हीच दिलात."

मुलाखतीचा शर्ट मात्र तयार आहे. छान बसतो.

१ जुलै
आज आईच्या रानाची नांगरट. बुकिंग आईचं, ट्रॅक्टर केंद्राचा, चालवणारी माझी बायको. मी सल्ला द्यायला गेलो. तिनं ठरलेल्या वेळेआधी इंजिन सुरू केलं. बांधावरून सूचना दिल्या. इंजिनच्या आवाजात तिला ऐकू आलं नसावं.

आई झाडाखाली बसली होती. तिच्याजवळ जाऊन बसलो. म्हटलं, त्या एक स्टारवाल्यानं माझं वाटोळं केलं. अजून सापडत नाही.

"मी दिला होता," आई म्हणाली.

मला वाटलं, माझं ऐकण्यात काही चुकलं. ती नांगराकडेच बघत होती. मग शांतपणे सांगत गेली. ती याच झाडाखाली माझी वाट बघत बसली होती, तेव्हा भावानं फोनवर आलेला मेसेज वाचून दाखवला की तुमचं काम पूर्ण झालं आहे, कसं वाटलं? समोर ढेकळं तशीच होती. भाऊ दुसरा ट्रॅक्टर बोलावू म्हणत होता. तिनं नको म्हटलं, धाकटा येतो म्हणालाय. तोवर ओल उडाली आणि पेरणी हुकली. मग वहिनीला घेऊन ती केंद्रात गेली आणि तक्रारही तिनंच लिहवली.

मी म्हणालो, "अगं, पण आईनं एक स्टार द्यावा?"

"शून्य नव्हतं त्यात," ती म्हणाली.

बायको झाली, शेजारी झाला, आता सख्खी आई. एवढं दुःख एका माणसानं ठेवायचं कुठे?

तेवढ्यात रानात ट्रॅक्टर थांबला. नांगराची पिन निसटली होती. बायकोनं हाक मारली, बांधावरचा पाना घेऊन या. मी 'आलोच' म्हणालो. चप्पल शोधली, मग पाना शोधला. पोचलो तोवर तिनं दगडानं ठोकून पिन बसवली होती आणि ट्रॅक्टर पुढे गेला होता.

मी पाना धरून नांगरलेल्या मातीत उभा राहिलो. रेघ सरळ होती.