जिन्याखालचा वर्ग

थळ, १९५९

एरिकसाहेबांस सोनूबाईचा रामराम.

तुमच्या देशानं नायलॉनचा दोरा पाठवला नि तुमी जाळी विणायचा वर्ग माळ्यावर भरवला. माझे पाय ताठलेले, जिना चढवत न्हाय. मी खालीच बसलेली बघून तुमी सगळा वर्ग वाळूत उतरवलात नि सोता एक फळी टाकून माझ्या बाजूला बसलात. जाळं पायाच्या अंगठ्याला अडकवून विणतात. माझा अंगठा हलत न्हाय, म्हणून शेजारी बसणाऱ्या रंगूनंही आपलं जाळं त्यालाच अडकवलं. किती हसलो आपण!

तुमी गेल्यावर नव्या साहेबानं वर्ग परत वर नेला. एकही बाई चढली न्हाय. काल तो वर्ग घेऊन खाली आला नि तुमच्या फळीवर बसू लागला.

मी म्हटलं, “साहेब, वाळूत बसा. ती जागा राखलेली हाय.”

तुमचा पत्ता कुणाकडं न्हाय.

जिन्याखालची,
सोनूबाई