बॅटरी मागे सरकवली तो दिवस

बा, तू मला न्यायला आलास त्या दिवसाबद्दल आपण पुन्हा कधी बोललो नाही. तुला जाऊन आता कितीतरी वर्षं झाली, माझेही केस पिकले. तुला वाचता येत नव्हतं. तू असतास तरी हे कोणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि ते मला नको होतं. म्हणून आता लिहिते.

आमचे हे तापानं गेले तेव्हा यवतमाळच्या मोटार स्टँडामागचं आमचं बॅटरीचं दुकान काही दिवस बंद होतं. ट्रकांच्या बॅटऱ्या, खेड्यातल्या रेडिओच्या बॅटऱ्या, सगळ्या फळीवर तशाच पडून. यांच्या शेजारी बसून मी ते काम शिकले होते, आणि सामान ज्या वर्तमानपत्रात बांधून यायचं त्यावरून वाचायलाही. माझ्या लुगड्यांना तेजाबाची भोकं पडलेली तू पाहिली होतीस. दुकान विकायचं आणि मी राळेगावकडे तुझ्या घरी यायचं, हे तुम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं. मला कोणी विचारलं नाही.

तेवढ्यात वकील आले. गावात त्यांचीच एक दोन माणसांची, जमिनीला टेकलेली हिरवी गाडी होती. नागपूरकडे विमानाच्या जुन्या धावपट्टीवर शर्यत होती आणि गाडी हलकी करायची होती. जादा चाक, मागचा गालिचा, वरचा टप, सगळं त्यांनी आधीच काढलं होतं. बॅटरी मात्र पुढे इंजिनापाशी होती, ती मागे न्यायची असं त्यांनी कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचलं होतं. हे काम करायचं यांनी जाण्याआधी कबूल केलं होतं. वकील दारात घुटमळले आणि काम चालू आहे का म्हणून विचारलं. मी चालू आहे म्हणाले. बा, तोंडातून शब्द गेला तेव्हाच मला कळलं की आता हे काम नीट झालं तरच दुकान राहील. बिघडलं तर बाईनं वकिलाची मोटार जाळली असं गावभर होईल आणि मग तुझ्या मागे मुकाट्यानं चालावं लागेल.

तू आलास तेव्हा मी त्या गाडीत अर्धी आत, अर्धी बाहेर आहे. इंजिनापासून मागेपर्यंत जाड केबल ओढलेली, पत्र्यातून ती जिथं जाते तिथं घासू नये म्हणून सायकलच्या ट्यूबचा तुकडा बसवते आहे. तू बैलगाडी त्या मोटारीशेजारीच सोडलीस. काखेत नवं लुगडं. नवरा गेला की बापानं लुगडं घेऊन यायचं आणि लेकीला घेऊन जायचं, ही आपली रीत. मी बाहेर येत नाही म्हटल्यावर तू माझी पेटी आणि भांडी उचलून बैलगाडीत लावायला लागलास. पेटी पुढे, हंडा मध्ये, जशी कापसाची गाडी भरायचास तशी. लहानपणी त्याच गाडीत उभी राहून मी कापूस तुडवायची. पुढे धुरेवर भार आला तर बैलांचे खांदे सोलतात, मागे गेला तर गाडी उलार होते, जू वर उचलतं आणि बैलांचे गळे आवळले जातात. हे तूच मला शिकवलंस.

दुकानात एक ट्रकवाला बसला होता. बाईच्या हातची बॅटरी रस्त्यात रुसली तर काय करायचं, म्हणाला. मी म्हटलं, इथं आणून सोड, तुह्या घरी नको नेऊ, तिथं अजूनच रुसन. तो हसला. तू हसला नाहीस.

"चाल वो घरी," तू म्हणालास. "रांडमुंड बाई मोटारीखाली लोळते, लोक हासून राह्यले."

मी बाहेर आले. हात काळे होते. विचारलं, "बा, नदीत देव कोणी सोडले?"

धम्म घेतला तेव्हा देवांची टोपली डोक्यावर घेऊन नदीत सोडणारा तूच होतास. लोक हसतील तर हसू दे, आता आपण कोणाच्या हसण्याला भीत नाही, असं काठावरून ओरडणाराही तूच. आजही विचारते. देव सोडले, तेरावं सोडलं, आणि विधवेनं कोपऱ्यात बसायचं तेवढं कायले ठेवलं? तेही त्याच टोपलीत मावलं असतं. माझा बाप चुकला, हे मी तेव्हाही म्हणत होते, आताही म्हणते. तू मेलास म्हणून ते बरोबर होत नाही.

मी तुझ्या गाडीतून माझी पेटी उतरवली. मग हंडा. तू बघत राहिलास. मी परत कामाला लागले आणि बॅटरीची डांबर लावलेली लाकडी पेटी मोटारीच्या अगदी शेवटच्या टोकाला ठेवून खुणा करायला लागले. जितकी मागे तितकी चांगली, असं मला आणि वकिलांना दोघांनाही वाटत होतं. तू बैल जुंपत होतास. पाठ माझ्याकडे.

"चाकाच्या मांगं ठिवू नको," तू म्हणालास. "उलार होईन."

आणि गेलास. जेवला नाहीस. लुगडं फळीवर ठेवून गेलास.

मी बॅटरीची पेटी सीटच्या अगदी मागे, मागच्या चाकांच्या पुढे बसवली, पट्ट्यानं आवळली. केबलीचं वजन धरलं तर गाडी काही हलकी झाली नव्हती, भार फक्त जागेवर आला होता. शर्यतीत वकील शेवटून दुसरे आले, पण खुशीत आले. वळणावर गाडी पहिल्यांदा माझं ऐकते म्हणाले. मग दारव्ह्याचे जीपवाले यायला लागले, केळापूरकडचे ट्रकवाले. दुकान अजून आहे. त्यावर मी जगले, आणि कोणाच्या चुलीशी बसून नाही. यांची आठवण रोज येते, पण ती मी कामात असताना येते, आणि मी तिला तशीच येऊ देते.

तू घरी चल म्हणालास तरी मी आले नाही, हे तुला ठाऊक आहे. एक मात्र ठाऊक नाही, आणि हे पत्र कुठेच जाणार नाही म्हणून लिहिते. त्या दिवशी तू गाडीवर चढण्याआधी माझा हात धरून एकदा जरी ओढलं असतंस, तर मी आले असते.