छातीच्या उंचीवर

मंगळवार, चार तारीख

प्रिय वहिनी,

नमस्कार. शिरसाष्टांगच घालणार होतो, पण इथली जमीन ओली आहे, तेव्हा उभ्यानेच घे. बाळाला एक पापी, तीही लांबूनच, माझ्या हातांना झाडाच्या चिकाचा वास येतोय.

मुलगी झाली आणि तू आईकडे आहेस हे टेम्पोवाल्या काकांकडून कळलं. ते कुठे भेटले विचारू नकोस, ते सगळीकडेच असतात. पोरगी कोणावर गेलीये? दादावर गेली असेल तर कपाळाला आत्तापासूनच आठी असेल.

माझं झकास चाललंय. चार वर्षांतली ही सहावी नोकरी, आणि भटकण्याबद्दल पगार देणारी पहिलीच. टेकडीवरच्या वस्तीपासून मोठ्या रस्त्यापर्यंत एक जोडरस्ता व्हायचा आहे. तो कुठून न्यायचा, तर नकाशावर तीन रेघा: क, ख आणि ग. प्रत्येक रेघेवर किती झाडं, कुठले पक्षी, पाणी कुठून वाहतं, बेडूक किती, हे आम्ही आधी मोजायचं. मग अहवाल, मग सुनावणी, मग रस्ता. रस्त्याचे साहेब कानावर पेन्सिल ठेवून दिवसभर पेन्सिल शोधतात. झाडांच्या मॅडम माझ्या कोपराएवढ्या आहेत, पण हाक मारली की पलीकडच्या टेकडीवरची माणसंसुद्धा "आलो" म्हणतात.

बेडूक आवाजावरून मोजायचे असतात. दोन संध्याकाळी मी एक अगदी दुर्मिळ बेडूक नोंदवला, जो मी चाललो की ओरडायचा आणि थांबलो की गप्प. तिसऱ्या दिवशी कळलं, तो माझा डावा बूट होता. मॅडम म्हणाल्या, "त्याला तेल घाल आणि नोंद खोड."

कामाचं शिक्षण एकाच सकाळी झालं आणि ते माझं हुकलं. ऑफिसच्या जीपखाली मांजर व्याली होती, पिल्लं किती ते बघायला वाकलो आणि दीड तास गेला. पाच होती. पण फॉर्मवर सगळं लिहिलेलंच असतं की. झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजावा, तीस सेंटिमीटरच्या वर भरला तर झाड, नाहीतर झुडूप. यात शिकायचं काय?

गाव खूप लांब आहे, नाव सांगून तुला कळायचं नाही. दादा बरा आहे ना? मी विचारलं असं त्याला सांगू नकोस. रोपवाटिकेचं फाटक हिरवं केलंत, छान दिसतं.

तुझा भटका दीर,
शिडी


गुरुवार, वीस तारीख

प्रिय वहिनी,

तुझं पत्र टेम्पोवाल्या काकांनी ऑफिसात आणून दिलं. सबंध कागदावर एकच ओळ! "फाटक हिरवं केलंय हे तुला इतक्या लांबून दिसलं कसं रे?"

बरं बाबा, पकडलंस. मी आपल्याच गावात आहे, सहा आठवडे. बसस्टँडमागे खोली घेतलीये. दादा रोज सकाळी रोपं घेऊन बाजारात जातो ती वेळ मला पाठ आहे, म्हणून तेवढ्यात मी फाटकावरून जातो. आत जात नाही. जाऊन बोलणार काय? चार वर्षांपूर्वी रोपांचा टेम्पो पोचवून दोन दिवसांत येतो म्हणालो, आणि टेम्पो स्टँडवर उभा करून, किल्ली तशीच ठेवून, पुढच्या गाडीत बसलो. तो बिचारा चालत जाऊन टेम्पो घेऊन आला. फोनवर ओरडलासुद्धा नाही. एवढंच म्हणाला, "तुला कशाचंच माप नाही." ओरडला असता तर मी पुढच्याच आठवड्यात आलो असतो.

आता खरी गोष्ट. तू बसून वाच.

ख ही रेघ रोपवाटिकेच्या मागून जाते. सहा वर्षांपूर्वी दादाने आणि मी वाऱ्याला आडोसा म्हणून झाडं लावली, त्यांच्या मधोमध. तिथली मोजणी मीच केली, दादा बाजारात असताना, कालव्याकडच्या कुंपणातून घुसून. झाडं अकरा, झुडपं दोनशे तीन. लिहून मोकळा झालो. परवा साहेब तक्ता बघून म्हणाले, "ख वर तर झाडंच नाहीत! सरळ रस्ता, नुसती झुडपं काढायची. हाच घेऊ." मला जरा कसंसंच झालं, पण मोजलं ते मोजलं.

काल ग रेघेवर मॅडमबरोबर होतो. त्या प्रत्येक खोडाला एक काठी टेकवायच्या आणि काठीच्या टोकाशी टेप गुंडाळायच्या. म्हटलं, "काठी कशाला?"

"छातीची उंची. एकशे तीस."

"कोणाच्या छातीची?"

"कागदाच्या! कागदावर सगळ्यांची छाती एकशे तीसलाच असते. तू कोणाची धरलीस?"

मी म्हणालो, हीच, हीच. आणि मान फिरवून बेडूक ऐकत असल्यासारखं केलं.

वहिनी, मी माझी धरली. खोलीवर येऊन भिंतीला टेकून मोजली, एकशे त्रेपन्न. खोड वर जाईल तसं बारीक होतं. एकाच दिवशी लावलेली झाडं, सगळ्यांचा घेर तीस सेंटिमीटरच्या आसपास. मी टेप वीतभर वर धरली आणि दोनशे झाडांची झुडपं केली. आपल्याच.

अहवाल सोमवारी छापायला जातो. गप्प बसलो तर कोणाला कळणार नाही. सांगितलं तर मॅडम काठी घेऊन फाटकातून आत जाणार, मागे मी, समोर दादा. कशाचंच माप नाही म्हणाला होता, त्याला आता सहीशिक्क्याचा पुरावा मिळेल.

थांब. पत्र बंद करत नाही. सांगून येतो.

सांगितलं. मॅडमनी कपाळावर हात मारला, मग मला खालपासून वरपर्यंत बघून इतक्या हसल्या की साहेब पेन्सिल शोधायचे थांबले. म्हणाल्या, "उद्या सात वाजता. आणि मालकाला सांगून, फाटकातून."

डाव्या बुटाला पुन्हा तेल घालून ठेवलंय.

शिडी


रविवार, चौदा तारीख

प्रिय वहिनी,

उशीर झाला, रागावू नकोस. शेडमध्ये रोपांच्या पिशव्या भरत होतो.

त्या सकाळी दादा फाटकातच उभा होता. मॅडमनी पुन्हा मोजायचं कारण सांगितलं. तो म्हणाला, "आधी कोण मोजून गेलं?" मॅडम माझ्याकडे बघायच्या आत मी म्हणालो, "मी."

"वाटलंच," दादा म्हणाला. आठी होतीच. मग मॅडमना, "काठी याच्याकडे द्या. काठीला फाटे फुटत नाहीत."

टेप त्याने स्वतः घेतली. मी काठी टेकवायची, त्याने घेर वाचायचा, मॅडमनी लिहायचा. दोन तास आम्ही आकड्यांपलीकडे बोललो नाही. "एकतीस." "एकतीस." "बत्तीस." "बत्तीस." बत्तीस आला की त्याचा आवाज जरा चढायचा. शेवटची ओळ आली, तुला माहितीये ती, सापासारखी वाकडी. मॅडम म्हणाल्या, "ही अशी का?"

दादा टेप गुंडाळतच म्हणाला, "खड्डे घेणाऱ्याला मध्येच फुलपाखरू दिसलं. त्याच्या मागे गेला, तसे खड्डे गेले." मग, "वाढ मात्र हिचीच चांगली आहे."

मी काठी पुसत बसलो.

झाडं एकशे सत्त्याऐंशी, झुडपं सत्तावीस. वाकड्या ओळीत शिंजीर पक्ष्यांची चार घरटी.

बुधवारी सुनावणी झाली, शाळेच्या हॉलमध्ये, पोरांच्या बाकांवर. माझे गुडघे हनुवटीला लागत होते. मला वाटलं दादा रस्ता नको म्हणेल. तो उठून म्हणाला, "रस्ता हवाच. माझ्या बायकोला कळा सुरू झाल्या त्या दुपारी दवाखान्यात खाणीच्या वळशाने अकरा किलोमीटर नेली. प्रत्येक खड्ड्याला ती माझं नाव घेत होती, आणि चांगल्या अर्थाने नाही." हॉल हसला. "पण ग वरून न्या, कालव्याच्या काठाने. दोन मिनिटं जास्त लागतील. ती मी देतो." वहिनी, इतकं सलग बोलताना तू तरी त्याला ऐकलंयस का?

अहवालात ग ची शिफारस झाली, बेडकांना पलीकडे जायला रस्त्याखालून सिमेंटचे नळ टाकून. वरून सही यायची आहे, पण ख वर साहेबांनी फुली मारली. पेन्सिल मी शोधून दिली.

त्या संध्याकाळी दादा म्हणाला, "शेडमध्ये खाट आहे." एवढंच. मी बसस्टँडमागून सामान आणलं, पिशवी एकच आहे.

काल त्याने शेडच्या खांबावर बरोबर एकशे तीसला खूण केली. म्हणाला, "काम करताना इथवर वाकत जा." मी विचारलं, पोरीची उंची इथवर यायला किती वर्षं? त्याने मनात काहीतरी मोजलं. "आठ. नऊ." आठ वर्षं एका जागी! ऐकून पाय शिवशिवले, तुझ्याशी खोटं कशाला बोलू. पण उठलो नाही. खांबाला टेकून बसलो होतो, तसाच बसून राहिलो.

तू कधी येतेस? पाळण्याची दोरी मी बदललीये, दादाने ओढून बघितलीये, दोनदा.

उत्तर टाक. पत्ता तुला पाठ आहे.

तुझा घरचा दीर,
शिडी