तेविश्केतल्या दहा रात्री

१० जुलै
हिशेबाच्या वहीची मागची काही पानं कोरी राहिली आहेत. वाया जाऊ नयेत म्हणून आजपासून रोजनिशी. संकल्प: रोज लिहिणे. खरे लिहिणे. कोणाबद्दल वाईट न लिहिणे. (शेजारची तेओफिले या नियमाला अपवाद.)

आजची बातमी: बेर्गेनहून आमच्या औद्राचा फोन. म्हणाली, आई, घराला पाहुण्यांचं घर करून तुम्हाला तीन वर्षं झाली, आणि आले किती? मी म्हटलं, सायकलवाले दोघे आले नव्हते का? आणि ते लाटवियाचं जोडपं? ती म्हणाली, त्यांची गाडी बिघडली होती, आई.

मग तिने अट घातली. झोलिनेच्या सणापर्यंत, म्हणजे पंधरा ऑगस्टपर्यंत, पाहुण्यांच्या दहा रात्री भरल्या तर छप्पर ती नवं करून देणार. नाही भरल्या तर घर बंद, आणि सप्टेंबरमध्ये मी आणि माझा नवरा झेनोनास दोघांनी नॉर्वेला तिच्याकडे राहायला जायचं. म्हणे नातवंडं आम्हाला फक्त फोनवर ओळखतात.

दहाच? मला हसूच आलं. बोलता बोलता भरतील.

१९ जुलै
रात्री: शून्य. आजपासून नऊ दिवसांची प्रार्थना सुरू. मेणबत्त्या गेल्या ईस्टरच्या उरलेल्या होत्या, त्याच वितळवून नव्या केल्या. देव वास बघत नाही, मन बघतो.

२२ जुलै, दुपारी
प्रार्थनेचा चौथाच दिवस, आणि चमत्कार! (उरलेले पाच दिवस पुढच्या अडचणीसाठी राखून ठेवले.)

अमेरिकेहून, पेन्सिल्वेनियाहून ईमेल. औद्राने फोनवर वाचून दाखवली. रेमंड स्टुल्पिन, वय शहात्तर, शाळेची बस चालवायचा, आता घरी असतो. त्याचा पणजोबा मोतियेयुस स्तुल्पिनास आपल्याकडून तिकडे कोळशाच्या खाणीत गेला. मरेपर्यंत एकच सांगायचा: माझं गाव तेविश्के. रेमंडने नकाशात ‘तेविश्के’ टाकलं तर सगळ्यात आधी आमचं घर आलं, कारण आमच्या पाटीवर तेच नाव आहे. ‘पणजोबांचं गाव सापडलं’ असं लिहून त्याने पुढे बारा उद्गारचिन्हं टाकलीत. सोबत बहीण डोलोरेस, वय ऐंशी. पाच ऑगस्टला येणार, पंधराला निघणार.

बोटांवर मोजलं. परत मोजलं. दहा रात्री! बरोब्बर दहा!

औद्रा म्हणाली, आई, तेविश्के हे गाव नाही हे त्यांना आधी कळवायला हवं. तेविश्के म्हणजे बापाचं घर. तो बिचारा म्हातारा ‘मी माझ्या घरचा’ एवढंच सांगत होता, आणि तेविश्के तर आपल्या देशात हजार दारांवर लिहिलेलं असेल. मी म्हटलं, कळवते.

२३ जुलै
विचार केला. त्यांचा पणजोबा बापाच्या घरून निघाला. आमचं घर झेनोनासच्या बापाचं. म्हणजे गाव इकडेतिकडे असेल, पण शब्द बरोबर आहे. मग कळवायचं काय?

झेनोनासला हे समजावून सांगितलं. तो मशरूम साफ करत होता. म्हणाला, मालकीणबाई, तुम्ही वकील व्हायला हव्या होतात. यात टोमणा असावा, पण मी कौतुक म्हणून घेतलं.

वाचनालयातून इंग्रजी शिकण्याचं पुस्तक आणलं. रोज दोन धडे.

१ ऑगस्ट
धडा तिसरा.

तयारी जोरात. अडचण एकच: हा शब्द इतका पसरलाय याची मला कल्पना नव्हती. आम्ही खातो त्या पावावर ‘तेविश्के’. बाजारातल्या लोण्यावर ‘तेविश्के’. तेओफिलेच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरसुद्धा! पावाची वेष्टनं काढून पाव कापडात गुंडाळले. लोणी वाडग्यात काढलं. कॅलेंडर उलटं लाव म्हणून तेओफिलेला सांगायला गेले तर ती कुंपणावर हात ठेवून म्हणाली, का गं विंसेंता, अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष येतोय का माझ्या स्वयंपाकघरात? शेवटी अर्धी बरणी मध दिल्यावर उलटं लावलं.

यात लपवाछपवी काही नाही. पाहुण्यांना गोंधळात पाडू नये, इतकंच.

५ ऑगस्ट, संध्याकाळी
आले!

आमच्या रिवाजाप्रमाणे स्वागताला दारात पाव आणि मीठ घेऊन उभी राहिले. पाठ केलेलं इंग्रजी एका दमात म्हटलं. रेमंडचे डोळे भरून आले. (नंतर झेनोनास म्हणाला की मी त्यांना स्टेशनवर जाणारी बस कुठे थांबते ते विचारलं. त्याला इंग्रजी येतं कुठे?)

रेमंडने मला गुलाब दिले. मोजले, बारा! आमच्याकडे सम संख्येत फुलं फक्त मढ्यावर ठेवतात. त्याला काय माहीत, तिकडे डझनाने विकत असतील. मी हसत हसत एक काढून वेगळ्या पेल्यात ठेवलं. इकडे अकरा, तिकडे एक. दोन्ही विषम. कोणी मरणार नाही.

डोलोरेसबाईंना आपली भाषा येते, साधारण वीस शब्द, सगळे पणजोबांकडून घरात झिरपलेले. त्यांनी माझे दोन्ही गाल धरले आणि प्रेमाने म्हणाल्या, “रुपूझे!” रुपूझे म्हणजे अंगणातला खरखरीत बेडूक. आमच्याकडे ही शिवी आहे. त्यांच्या घरी पणजोबा पणजीला याच नावाने हाक मारायचे, म्हणून त्यांना वाटतं हे लाडाचं आहे. झेनोनास कोठीत जाऊन हसला. मीही गोड हसून म्हटलं, या ना, बसा.

एक रात्र.

६ ऑगस्ट
रेमंडच्या फोनमध्ये सोय आहे, आपण आपल्या भाषेत बोललो की तो इंग्रजी बोलतो, आणि उलटंही. सकाळी त्याने फोन आमच्या पाटीसमोर धरला. फोन काहीतरी बोलला. रेमंडने पुन्हा एकदा धरून पाहिला. मग बहिणीला ऐकवलं. मग दोघंही इतकी हसली, इतकी हसली की डोलोरेसबाईंना बाकावर बसावं लागलं.

घर सापडल्याचा आनंद! बघून मलाही भरून आलं.

दोन रात्री.

८ ऑगस्ट
उत्साह मावत नाही. आज माळ्यावरचा पाळणा खाली काढला. रेमंडने फोनमधून विचारलं, यात मोतियेयुस झोपले का? मी म्हटलं, यात बाळं झोपली आहेत. शंभर टक्के खरं. पाळण्यावर १९७४ कोरलेलं आहे, तिथे टॉवेल टाकला.

दुपारी पेअरचं झाड दाखवलं. म्हटलं, झाड जुनं आहे. हेही खरंच. रेमंडने झाडाला मिठी मारली. खोडावरच्या मुंग्या त्याच्या बाहीत शिरल्या, तरी हसत होता. किती साधा माणूस!

संध्याकाळी कुंपणावरून तेओफिले: काय गं, अजून किती पूर्वज निघणार आहेत तुझ्या तळघरातून? एखादा आमच्यासाठीही ठेव. दुर्लक्ष केलं.

चार रात्री. धडा सातवा.

९ ऑगस्ट
आज डोलोरेसबाई म्हणाल्या, पणजोबांच्या आईबापांची कबर असेल ना इथे? एक मेणबत्ती लावायची आहे, या वयात परत येणं होणार नाही.

आता इतक्या लांबून आलेल्या ऐंशी वर्षांच्या बाईला नाही म्हणायचं? पहाटेच दफनभूमीत जाऊन आले होते, म्हणजे सहज. कोपऱ्यात एक लोखंडी क्रूस आहे, नाव नाही, कोणी फिरकत नाही. वाळू सारखी केली, दाताळ्याने आमच्याकडच्या पद्धतीने नक्षी काढली, पेल्यातला तो एकटा गुलाब ठेवला. दुपारी त्यांना तिथे नेलं आणि एवढंच म्हटलं: इथे एक जुना माणूस विसावला आहे. कोणाचा कोण, मी बोलले नाही.

डोलोरेसबाई गुडघे टेकून आपल्या जुन्या भाषेत, लहानपणी पाठ केलेलं ‘नमो मरिये’ म्हणू लागल्या. अर्धे शब्द मोडके. एकही चुकीच्या जागी नाही. मला तिथे उभं राहवेना, मी पाणी आणायच्या निमित्ताने नळावर गेले.

जेवताना झेनोनासला सांगितलं. तो चमचा खाली ठेवून म्हणाला, त्या क्रूसाखाली कोणीच नाही. तो हमरस्त्याच्या वळणावरचा क्रूस. रस्ता रुंद केला तेव्हा आम्हीच चौघांनी उचलून तिथे आणून रोवला.

पाच रात्री.

१० ऑगस्ट
चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेआधी फादर रोमुअल्दास यांच्याकडे पापांच्या कबुलीला गेले. म्हटलं, फादर, खोटं नाही बोलले, खरं थोडं आत ठेवलं. फादरनी जाळीआडून विचारलं, किती आत? म्हटलं, तळघराइतकं. प्रायश्चित्त म्हणून तीन जपमाळा म्हणायला दिल्या आणि म्हणाले, त्यांना स्वतः सांग, विंसेंता, दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी.

जपमाळा आजच पुऱ्या केल्या. सांगण्यापुरतं एक वाक्य इंग्रजीत हवं, ‘मी आपली क्षमा मागते’. ते चौदाव्या धड्यात आहे. मी नवव्यावर. रोज एक धडा धरला तर पंधराला, ते निघायच्या दिवशी, नेमकं तोंडपाठ होईल. बघा, देवाची योजना.

मिस्सानंतर फादर आणि रेमंड अर्धा तास फोन मध्ये धरून बोलत होते. मी जवळ गेले तर थांबले. बास्केटबॉलबद्दल असणार. पुरुष दुसरं काय बोलतात?

सहा रात्री.

१२ ऑगस्ट
आठ!! औद्राला फोन करून सांगितलं, छपराचा रंग लाल हवा. ती म्हणाली, आई, त्यांना कळवलंस ना? मी म्हटलं, लाइन खराब आहे गं.

बिटाचं थंड सूप केलं. गुलाबी रंग बघून रेमंडने फोटो काढले. डोलोरेसबाई तीन वाट्या प्यायल्या आणि झेनोनासला म्हणाल्या, “धन्यवाद, रुपूझे.” आता तोही बेडूक झाला. घरात कोणी उरलं नाही.

१३ ऑगस्ट
संकट. डोलोरेसबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या, म्हणून जवळच्या शहरात, वारेनाला, जावंच लागलं. मी मिस्साची मोठी टोपी घालून बसमध्ये रेमंडच्या शेजारी खिडकीपाशी बसले. ‘तेविश्के’ बेकरी आली, मी टोपी हलवली. उपाहारगृह आलं, मी ओणवी झाले. शाळेच्या भिंतीवर ‘तेविश्के गायनवृंद, चाळीस वर्षे’ असा बिछान्याएवढा फलक, तिथे मला शिंक आली, बराच वेळ. औषधांच्या दुकानासमोरच्या बसच्या अंगावर तोच शब्द, त्याला मी काय करणार? रेमंड माझ्या टोपीवरून फोटो काढत होता. चर्चचे असणार.

संध्याकाळी सातला
जेवण झाल्यावर रेमंडने फोन टेबलावर उभा केला. फोन आपल्या भाषेत बोलू लागला, बाईच्या आवाजात, अगदी शांत.

म्हणाला, आम्हाला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. तेविश्के म्हणजे गाव नाही.

माझ्या हातात ताटं होती. म्हटलं, मग का राहिलात?

रेमंड बोलला, फोनने सांगितलं: तुम्ही इतक्या आनंदात होतात की मन मोडवेना. शिवाय आज काय दाखवताय याची आम्ही रोज सकाळी पैज लावायचो. पाळण्याची पैज बहीण जिंकली.

म्हणजे मी त्यांचं मन जपत होते तेव्हा ती दोघं माझं जपत होती. मी म्हटलं, आणि कबर? डोलोरेसबाईंनी फोनची वाट पाहिली नाही. माझा हात थोपटून आपल्याच भाषेत म्हणाल्या, “देव ऐकतो.” वीस शब्दांतले दोन.

मग पुढची बातमी. फादर रोमुअल्दास यांनी चर्चच्या जुन्या नोंदी ठेवणाऱ्यांना लिहिलं होतं, आज उत्तर आलं. मोतियेयुसचा बाप्तिस्मा पार तेल्शेकडचा, देशाच्या दुसऱ्या टोकाला. तिथे स्तुल्पिनास आडनावाचं एक घर अजून आहे. त्यांनी या दोघांना झोलिनेला जेवायला बोलावलंय. उद्या सकाळी निघावं लागेल.

मी म्हटलं, परवा निघालात तर? फोनने भाषांतर केलं. रेमंड हसला. म्हणाला, सण परवाच आहे, वहिनी. (‘वहिनी’ फोनने काढलं. त्याला नातं लावायची घाई कोणी शिकवली?)

नऊ रात्री.

१४ ऑगस्ट
सकाळी गेले. डोलोरेसबाईंनी गाल धरले, बेडूक म्हणाल्या, रडल्या. मीही रडले. चौदावा धडा आलाच नाही. क्षमा मागायची राहिली, हात जोडले फक्त.

झेनोनासला सांगितलं, आजची रात्र पाहुण्यांच्या खोलीत झोप. तो म्हणाला, का? म्हटलं, विचारू नकोस. झोपला. गादी चांगली आहे म्हणाला.

१६ ऑगस्ट
औद्रा काल सणाला आली. मिस्साला सणाची औषधी वनस्पतींची जुडी घेऊन माझ्या शेजारी उभी राहिली, मोठ्याने गायली. मला वाटलं विसरली. जेवताना म्हणाली, आई, किती रात्री? मी म्हटलं, दहा. झेनोनास पावाकडे बघत राहिला. तिने विचारलं, दहावा कोण? मी म्हटलं, एक वयस्कर गृहस्थ, जवळच्याच गावचे. ती म्हणाली, बाबा गिऱ्हाईक नाहीत गं.

विमानाची तिकिटं काढली आहेत. सप्टेंबरची सात तारीख. तिथे रोज पाऊस पडतो म्हणतात.

म्हटलं, औद्रा, मी इथली आहे. माझं घर सोडून मी कुठे राहणार? ती ताटं उचलत म्हणाली, तो मोतियेयुसही इथलाच होता ना? गेला, तरी मरेपर्यंत घराचंच नाव घेत राहिला.

मी म्हटलं, नाही. तो इथला नव्हता. तो तेल्शेकडचा होता.

हे वाक्य मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलले.