थोरल्याची पावलं

३ जून

चि. खारूस,
अ. उ. आ.

निवृत्त झाल्यापासून मी साडेसातची मालिका चुकवत नाही. तिचे आवाज तुझ्याच स्टुडिओत भरतात म्हणे. तू नेमकं काय करतेस, ते मी कधी विचारलंच नाही. त्यातला थोरला मात्र खरा पुरुष. जिन्यावर त्याची पावलं वाजली की घर चिडीचूप. आणि त्याची बायको कधी आली, कधी गेली, पत्ता लागत नाही. नुसत्या बांगड्या किणकिणतात. बाईने असं असावं. तुझ्या वहिनीलाही हेच सांगितलं, पण ती भाजी निवडत राहिली.

तब्येत सांभाळ, माया पातळ करू नकोस.
दादा

९ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या थोरल्याची पावलं माझी आहेत. शूटिंगच्या वेळी नुसते संवाद नीट येतात. चालणं, दारं, भांडी आम्ही नंतर भरतो. पडद्यावर तो चालतो आणि इकडे मी तीन मोज्यांवर दहा नंबरचे बूट चढवून फळीवर पाय आपटते. तो बिचारा सेटवर रबरी चपला घालतो आणि कठडा धरून उतरतो. बायकोच्या बांगड्या असतात आमच्या मिशाळ मदतनिसाच्या मनगटात. तिला पावलं द्यायची नाहीत, असा दिग्दर्शकांचा हुकूम आहे.

आता ती नवऱ्याचं घर सोडणार आहे. त्या प्रसंगात मी तिला पावलं दिली. दिग्दर्शकांनी ती काढायला सांगितली. मी विचारलं, बाई काय तरंगत जाणार आहे? मग बूट त्यांच्या टेबलावर ठेवून घरी आले. बावीस वर्षांची नोकरी गेल्यात जमा आहे. तोरा दाखवला खरा, पण आता फोन वाजला की धावत जाते.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो राहू दे.
खारू

१७ जून

चि. खारूस,
अ. उ. आ.

अक्कल गहाण टाकलीस का? या वयात तुला कोण ठेवून घेणार? उद्याच जाऊन माफी माग.

शिवाय थोरल्याचे हाल बघवत नाहीत. तुझ्या जागी कोण आणलाय कोण जाणे, काल तो जिना बदकासारखा फताडफताड उतरला. बायकोवर डोळे वटारले तेव्हा शेजारचे वकील खो खो हसले. मीही हसलो, कबूल करतो.

रागाने नाही, काळजीने लिहिलंय.
दादा

२३ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

माफी मागितली नाही. दिग्दर्शकांचाच फोन आला. लोक थोरल्याला हसतात, चॅनेलवाले तापलेत. थोरल्याचे बूट हवे असतील तर त्याच्या बायकोच्या चपलाही वाजतील, असं मी सांगितलं. कुरकुरत कबूल झाले. शुक्रवारी ती घर सोडते. नक्की ऐक.

तुझी आगाऊ,
खारू

२७ जून

चि. खारूस,
अ. उ. आ.

ऐकलं. जिना, दार, मग फाटकापर्यंतची खडी. ती कुठेही थबकली नाही. वकीलसुद्धा खुर्चीत पुढे सरकून ऐकत होते. मला तुझा फार अभिमान वाटला, आणि तुझं काम कधी विचारलं नाही याची लाजही.

मालिका संपली, टीव्ही बंद केला. तुझी वहिनी उठून स्वयंपाकघरात गेली. माझे कान अजून पावलांकडेच लागलेले असावेत, कारण मला तिचं चालणं ऐकू आलं. ती डावा पाय फरफटत नेते. कधीपासून, म्हणून विचारलं. चार वर्षं झाली, म्हणाली.

उद्या सकाळी तिला डॉक्टरकडे नेतो आहे. पत्र आखूड झालं, रागावू नकोस.
दादा